पाच हजार खुर्च्यांची अट

जपानमधल्या पालिकांच्या कित्येक क्रीडागृहांत शिरताना दाराशीच बूट काढावे लागतात. सामना बघायला आलेला माणूस बूट पिशवीत टाकतो, सपाता पायांत अडकवतो आणि गुपचूप वर गॅलरीत जाऊन बसतो. आत खाण्यापिण्याला बहुतेक ठिकाणी मनाई. खालची लाकडी जमीन चकचकीत, कारण ती जपायची आहे. उद्या सकाळी तिथे शालेय स्पर्धा, दुपारी गृहिणींच्या व्हॉलीबॉल मंडळाचा सराव. वास्तू खेळणाऱ्यांसाठी बांधलेली. बघणारा तिथे पाहुणा, तोही न बोलावलेला.

जपानच्या बी-लीगची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, गोष्ट सांगताना बहुतेक जण २०१४ची आंतरराष्ट्रीय बंदी, दोन भांडणाऱ्या लीग आणि त्यांना एकत्र आणणारा एक खमक्या म्हातारा इथून सुरुवात करतात. तेही सांगायचंच आहे. पण माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्या सपातांपाशी आहे. दहा वर्षांचं भांडण कुणी कुणाची समजूत काढली म्हणून मिटलं नाही, भांडणाचा विषयच बदलला म्हणून मिटलं. ‘संघ कुणाचा?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘संघ खेळणार कुठे?’ हा प्रश्न पुढे आला.

कंपनीचे संघ

जपानची जुनी पद्धत मराठी वाचकाला समजावायला फार कष्ट पडू नयेत. आपल्या कबड्डीत व्यावसायिक गट असतो: महिंद्र, भारत पेट्रोलियम, पूर्वी एअर इंडिया आणि देना बँक. चांगला चढाईपटू दिसला की कुठली तरी कंपनी किंवा बँक त्याला खेळाडू कोट्यातून चिकटवून घेते. हजेरीपटावर त्याची सही असते, पगार चालू राहतो, गुडघा गेला तरी नोकरी राहते. जपानी बास्केटबॉलमध्ये हेच, पण फार मोठ्या प्रमाणावर होतं. तोशिबा, हिताची, टोयोटा, आयसिन, मात्सुशिता, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, इसुझू अशा कंपन्यांचे संघ १९६७ पासून राष्ट्रीय लीगमध्ये खेळत होते. तिकडे अशा संघांना ‘जित्सुग्योदान’ म्हणतात.

या पद्धतीत तिकीट किती विकलं गेलं याची फिकीर कुणालाच नसे. संघ हा कंपनीचा खर्च, कामगारांचं मनोबल आणि कंपनीचं नाव यांसाठी केलेला. गॅलरीत निम्मे लोक कार्यालयातूनच आलेले असले तरी चालत होतं. खेळाडूच्या दृष्टीने ही व्यवस्था वाईट नव्हती, आणि तिला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तिच्यात एक खोट होती. संघाचा जीव कंपनीच्या ताळेबंदात होता. नव्वदच्या दशकात जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि एकेक कंपनी हात आखडता घेऊ लागली. ढीगभर विजेतेपदं मिळवलेला इसुझूचा संघ २००२ मध्ये बंद झाला. मैदानावर तो हरला नव्हता, कागदावर हरला.

दाइवा सिक्युरिटीजच्या संघाचं मात्र वेगळं झालं. कंपनीने सोडलेला हा संघ २०००च्या सुमारास निगाता शहराने उचलला आणि ‘निगाता अल्बिरेक्स’ या नावाने तो गावाचा संघ झाला. कंपनी नसली तरी गाव असू शकतं, हे त्यातून दिसलं. याच निगाताने साइतामाच्या संघाला सोबत घेऊन जुन्या लीगमधून बाहेर पडायचं ठरवलं, आणि २००५ मध्ये सहा संघांची ‘बीजे लीग’ सुरू झाली: सेंदाई, निगाता, साइतामा, टोकियो, ओसाका, ओइता. ती जपानची पहिली उघडउघड व्यावसायिक बास्केटबॉल लीग.

एका देशात दोन चुली

राष्ट्रीय महासंघाला हे बंड वाटलं. बीजे लीगला मान्यता मिळाली नाही, आणि तिथे खेळणाऱ्यांना सुरुवातीची काही वर्षं राष्ट्रीय संघाचं दार बंद होतं. पुढे संबंध थोडे सैल झाले, पण चुली दोनच राहिल्या. एका बाजूला कंपन्यांची लीग: तगडे खेळाडू, नियमित पगार आणि रिकाम्या खुर्च्या. दुसऱ्या बाजूला बीजे लीग: गावोगावचे संघ, ढोल, नाच, स्थानिक दुकानदारांचे फलक आणि महिनाअखेरीची ओढाताण. २०१४-१५ पर्यंत बीजेच्या संघांची संख्या वीसच्या वर गेली होती. परदेशी खेळाडूंचे नियमही दोन्हीकडे वेगळे होते, त्यामुळे एका लीगमध्ये तयार झालेला जपानी खेळाडू दुसरीकडे जाऊन अडखळायचा.

महासंघाने प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१३ मध्ये जुनी लीग मोडून ‘एनबीएल’ नावाची नवी लीग काढली आणि बीजेवाल्यांना या म्हटलं. बहुतेक आले नाहीत. आलेल्यांतला चिबा जेट्स हा एक संघ पुढे या गोष्टीत महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात ठेवा. एनबीएलने संघांना गावाचं नाव लावायला लावलं, पण कंपनीचं नाव तसंच ठेवलं. त्यातून ‘टोयोटा मोटर्स अल्वार्क टोकियो’ अशी मालगाडीसारखी लांबलचक नावं तयार झाली. अर्धी व्यावसायिक, अर्धी कंपनीची अशी ही लीग. पॅनासोनिकने सोडलेला संघ वाकायामा ट्रायन्स म्हणून तिथे उतरला आणि जानेवारी २०१५ मध्ये, हंगाम चालू असतानाच, पैशाअभावी बंद पडला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि म्हणूनच गाठ सुटत नव्हती. कंपन्या म्हणत, आम्ही दशकानुदशकं पैसा ओतला आणि आता आमचंच नाव पुसून या फाटक्या खिशाच्या संघांसोबत बसायचं? बीजेवाले म्हणत, तुम्ही आम्हाला वाळीत टाकलंत, प्रेक्षक आम्ही आणले, आता आमच्या लीगचं विसर्जन करायला सांगता? मधे उभा महासंघ आणि त्याच्यात निर्णय घ्यायची धमक नाही. देशात नोंदणीकृत खेळाडू सहा लाखांहून जास्त, पण पुरुषांचा संघ १९७६ च्या माँट्रियलनंतर ऑलिंपिकला गेलेला नव्हता.

बाहेरून आलेली काठी

आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’चे सरचिटणीस पॅट्रिक बाउमन यांनी जपानला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन लीग एक करा, महासंघाचा कारभार सुधारा, राष्ट्रीय संघांसाठी ठोस आराखडा द्या. मुदत ऑक्टोबर २०१४ अखेर. मुदत टळली, महासंघाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, तोडगा निघाला नाही. २६ नोव्हेंबर २०१४ रोजी फिबाने जपानला निलंबित केलं.

घाव कुणाच्या अंगावर बसला ते बघण्यासारखं आहे. भांडण पुरुषांच्या लीगचं होतं, आणि बंदीने जीव टांगणीला लागला महिलांचा. जपानी महिला २०१३ च्या आशियाई विजेत्या होत्या आणि २०१५ च्या आशियाई स्पर्धेतून रिओ ऑलिंपिकचं तिकीट मिळणार होतं. बंदी उठली नाही तर ज्यांचा या वादाशी काही संबंध नाही त्या मुली घरी बसणार होत्या. शिवाय २०२० चं ऑलिंपिक टोकियोला मिळालं होतं आणि यजमान म्हणून बास्केटबॉलमध्ये आपोआप जागा मिळेल याची हमी द्यायला फिबा तयार नव्हती. आपल्याच अंगणात लग्न आणि आपल्यालाच आमंत्रण नाही, अशी वेळ येऊ शकत होती.

आपल्याकडेही त्याच सुमारास बास्केटबॉलमध्ये असाच गोंधळ होता. मार्च २०१५ मध्ये भारतीय महासंघाच्या दोन गटांनी दोन शहरांत, एकाने बंगळुरूत आणि दुसऱ्याने पुण्यात, वेगवेगळ्या सभा घेऊन आपापले पदाधिकारी निवडले. फिबाने शेवटी बंगळुरूच्या गटाला मान्यता दिली. फरक असा की आपल्याकडे वाद खुर्चीचा होता आणि खुर्चीवर कोण हे ठरताच तो संपला. जपानमध्ये खुर्च्या ठरवून भागणार नव्हतं. अर्थात तिथेही उत्तर शेवटी खुर्च्यांमध्येच सापडलं, फक्त वेगळ्या.

फुटबॉलवाला

जानेवारी २०१५ मध्ये फिबाने एक कृती दल नेमलं. सहअध्यक्ष दोन: जर्मनीचे इंगो वाइस आणि जपानचे साबुरो कावाबुची. कावाबुची तेव्हा ७८ वर्षांचे, आणि बास्केटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते फुटबॉलवाले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध गोल केलेले, पुढे जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, म्हणजे १९९३ मध्ये सुरू झालेल्या जे-लीगचे, पहिले अध्यक्ष. जे-लीगमध्ये त्यांनी क्लबच्या नावातून कंपनीचं नाव काढायला लावलं होतं आणि त्यावरून देशातल्या सर्वांत बलाढ्य वृत्तपत्रसमूहाशी जाहीर कुस्ती खेळली होती.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ते स्वतः कंपनीच्याच संघातून आलेले होते. फुरुकावा इलेक्ट्रिकमध्ये नोकरी केली, तिच्याच संघाकडून खेळले. कंपनीच्या संघाचं सुख आणि मर्यादा त्यांना ऐकून नव्हे, भोगून माहीत होतं. म्हणूनच कंपन्यांशी बोलताना त्यांच्या आवाजात बाहेरच्याचा तुच्छतेचा सूर नसावा असं मला वाटतं. घरातला थोरला जसा ‘आता पुरे’ म्हणतो तसा.

मग त्यांनी अटी मांडल्या. सगळ्या संघांनी आपापल्या लीगमधून बाहेर पडून नव्या लीगसाठी नव्याने अर्ज करायचा. नावात कंपनी नाही. संघ स्वतंत्र कंपनी म्हणून चालवायचा, हिशेब उघडे ठेवायचे. वरच्या गटासाठी वर्षाची उलाढाल २५ कोटी येनच्या घरात हवी. आणि या सगळ्यात सर्वांत जास्त आरडाओरडा ज्यावरून झाला ती अट: वरच्या गटातल्या संघाकडे ५,००० प्रेक्षक बसतील असं क्रीडागृह हवं आणि घरच्या सामन्यांपैकी ८० टक्के सामने तिथेच झाले पाहिजेत. दुसऱ्या गटासाठी ३,००० खुर्च्या.

अटीतली मेख

वरवर पाहता ही अट वेडेपणाची होती. पाच हजार माणसं बास्केटबॉलला येत नव्हती. बहुतेक संघ वर्षभर या गावाहून त्या गावी, मिळेल त्या व्यायामशाळेत सामने लावत फिरायचे. नव्या लीगचा हंगाम ६० सामन्यांचा, त्यातले ३० घरचे. ८० टक्के म्हणजे २४ दिवस. शनिवार-रविवार लागोपाठ दोन सामने धरले तरी बारा आठवड्यांचे शेवट. पालिकेच्या क्रीडागृहाचं वेळापत्रक वर्षभर आधी भरलेलं असतं. शाळा, मंडळं, ज्येष्ठ नागरिकांची टेबल टेनिस स्पर्धा. त्या सगळ्यांना बाजूला सारून एका खाजगी संघाला बारा शनिवार-रविवार द्यायचे, तर ते कारकुनाच्या हातात नाही. त्यासाठी महापौरांकडेच जावं लागतं.

आणि हीच मेख होती. संघाच्या व्यवस्थापकाला आता टोकियोतल्या लीगच्या कार्यालयात भांडायला वेळच उरला नाही. त्याला आपल्या गावच्या पालिकेच्या पायऱ्या झिजवायच्या होत्या, स्थानिक बास्केटबॉल संघटनेचा पाठिंबा लेखी आणायचा होता. कालपर्यंत जो प्रतिस्पर्धी लीगला शिव्या देत होता, तो आज शेजारच्या गावाने मिळवलेलं पत्र आपल्याला का मिळत नाही या चिंतेत. शहरांमध्ये चुरस लागली. पाच हजारांची अट ही आसनक्षमतेची अट नव्हतीच. गाव संघाच्या मागे उभं आहे की नाही याची ती परीक्षा होती, आणि तिचा पेपर कंपनी पैसे देऊन सोडवू शकत नव्हती. कंपन्या आणि बीजेवाले पहिल्यांदाच एकाच रांगेत उभे राहिले.

त्यात घड्याळ चालू होतं. जुन्या महासंघाचं संचालक मंडळ पायउतार झालं, मे २०१५ मध्ये कावाबुची स्वतः महासंघाचे अध्यक्ष झाले, आणि ऑगस्टमध्ये बंदी उठली. लगेच वुहानमध्ये महिलांनी आशियाई अंतिम सामन्यात चीनला ८५-५० असं धुऊन काढलं आणि रिओचं तिकीट घेतलं. ज्यांना शिक्षा होणार होती त्यांनीच पहिला निकाल लावला.

त्याच ऑगस्टच्या अखेरीला वरच्या गटाचे १८ संघ जाहीर झाले. त्यातले ८ एनबीएलमधले आणि १० बीजेमधले. ही बेरीज योगायोगाने झाली असं कुणी म्हटलं तर मी हसेन. निकष होते हे खरं, पण तराजूची दोन्ही पारडी अशी जवळपास सारखी बसल्याशिवाय कुठलीच बाजू घरी जाऊन ‘आपण हरलो नाही’ असं सांगू शकली नसती. दुसऱ्या गटातही १८ संघ बसवले गेले. २०१६ मध्ये कावाबुचींनी महासंघाची सूत्रं युको मित्सुया यांच्याकडे सोपवली. त्या १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्या, पण व्हॉलीबॉलमधल्या. बास्केटबॉलचं घर सावरायला आधी फुटबॉलवाला आणि मग व्हॉलीबॉलवाली.

२२ सप्टेंबर २०१६

पहिला सामना योयोगी राष्ट्रीय क्रीडागृहात, म्हणजे १९६४ च्या ऑलिंपिकसाठी केंझो तांगे यांनी बांधलेल्या त्या झुलत्या छपराच्या वास्तूत. अल्वार्क टोकियो विरुद्ध र्‍युक्यु गोल्डन किंग्ज. निवड मुद्दाम केलेली. एक टोयोटाचा, राजधानीतला, राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनी भरलेला. दुसरा ओकिनावाचा, बीजे लीगचा शेवटचा विजेता, २००७ मध्ये बेटावर उभा राहिलेला गावठी संघ. दोन चुलींवरची दोन भांडी एका ताटात.

त्या रात्री लाकडी जमीनच नव्हती. अख्खं मैदान एलईडी पडद्याचं होतं. खेळाच्या रेषाही उजेडाच्या, पायाखाली रंग पेटायचे, लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडला की जमिनीवरून झळाळी धावायची. अशा मैदानावर अधिकृत सामना जगात त्याआधी झाला नव्हता. खेळाडूंना ते आवडलं असेल का याबद्दल मला शंका आहे, पण त्या रात्री खेळाडूंचा प्रश्न नव्हताच. ९,१३२ प्रेक्षक होते आणि सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर. जमिनीला जपत सपाता घालून बसायचे दिवस गेले, आता जमीनच तुमच्यासाठी नाचेल, असं सांगायचं होतं. अल्वार्कने सामना ८०-७५ असा जिंकला. ओकिनावावाले शेवटपर्यंत सोबत होते, त्यामुळे ‘बीजेवाले कच्चे’ हा जुना टोमणा तिथेच विरघळला.

पहिल्या हंगामाचं विजेतेपद मे २०१७ मध्ये तोचिगी ब्रेक्सने कावासाकीला ८५-७९ असं हरवून घेतलं. त्या संघात युता ताबुसे होता, २००४ मध्ये अमेरिकेच्या एनबीएत खेळलेला पहिला जपानी. वर्षानुवर्षं कंपन्यांच्या लीगमध्ये मोजक्या लोकांसमोर खेळलेल्या या ठेंगण्या गार्डला उतारवयात भरलेलं योयोगी मिळालं.

चिबा आणि ओकिनावा

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला संघ. चिबा जेट्स २०११ मध्ये बीजे लीगमध्ये उतरला आणि वर्षभरात पैशांच्या अडचणीत सापडला. तेव्हा शिन्जी शिमादा नावाचे गृहस्थ अध्यक्ष म्हणून आले. बास्केटबॉलमधले नव्हे, पर्यटन व्यवसायातले. त्यांनी बीजे सोडून एनबीएलमध्ये जायचा निर्णय घेतला तेव्हा जुन्या सोबत्यांनी गद्दार म्हणायचं बाकी ठेवलं. पण त्यांचं गणित साधं होतं: टोयोटा, तोशिबा, हिताची आमच्या गावात येऊन आमच्याकडून हरतील, तर गाव बघायला येईल. गाव आलं. फुनाबाशीच्या पालिकेच्या क्रीडागृहात बी-लीगची सर्वांत मोठी गर्दी जमायला लागली. १६७ सेंटिमीटर उंचीचा युकी तोगाशी त्या गर्दीचा लाडका. २०१९ मध्ये वर्षाला १० कोटी येन मिळवणारा तो लीगमधला पहिला जपानी खेळाडू ठरला. ज्या खेळात काही वर्षांपूर्वी पगार मनुष्यबळ विभागाकडून मिळायचा, तिथे हा आकडा मुद्दाम गाजवला गेला, शाळकरी मुलांच्या आईबापांनी ऐकावा म्हणून. शिमादा २०२० मध्ये संपूर्ण लीगचे अध्यक्ष झाले.

ओकिनावाची तऱ्हा वेगळी. १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात असलेलं, आजही अमेरिकी तळांनी वेढलेलं बेट. बास्केटबॉल तिथे गल्लीबोळात आहे, जसा आपल्या मुंबईत नागपाड्यात आहे. तिथे पाच हजारांच्या अटीने थांबले नाहीत. २०२१ मध्ये ओकिनावा अरीना उभं राहिलं, मुळातच बघणाऱ्यांसाठी बांधलेलं: उतरते सज्जे, मधोमध टांगलेला प्रचंड पडदा, खाण्याच्या टपऱ्या. र्‍युक्युने २०२३ मध्ये विजेतेपद घेतलं, तेही चिबाला हरवून.

त्याच वर्षी विश्वचषकाचा एक गट इथे खेळवला गेला. २७ ऑगस्टला जपान फिनलंडविरुद्ध १८ गुणांनी मागे पडला होता. मग बी-लीगमध्ये घडलेला २२ वर्षांचा युकी कावामुरा शेवटच्या सत्रात पेटला आणि जपान ९८-८८ ने जिंकला. कावामुराचे २५ गुण. काही दिवसांनी केप व्हर्देला हरवून पुरुषांनी पॅरिसचं तिकीट मिळवलं. यजमानपदाच्या कृपेने नव्हे, स्वतःच्या जोरावर, १९७६ नंतर पहिल्यांदा. पॅरिसमध्ये फ्रान्सला त्यांनी जादा वेळेपर्यंत झुंजवलं आणि ९०-९४ असे हरले.

न जुळणारं उदाहरण

इथवर वाचून कुणाला वाटेल, कंपनीचे संघ मोडले म्हणून जपान वर आला. तसं म्हणायचा मोह मलाही झाला होता, पण महिलांच्या लीगकडे बघितलं की हात थांबतो. त्यांची लीग कंपन्यांचीच राहिली. एनिओस या तेलकंपनीच्या संघाने २००८-०९ पासून सलग ११ विजेतेपदं घेतली, जी कुठल्याही लीगच्या प्रसिद्धीप्रमुखाला रडू आणतील. आणि याच कंपनीच्या संघांमधून आलेल्या मुलींनी २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलं. अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ७५-९० अशी हार, पण ऑलिंपिकमध्ये तिथवर जपानी बास्केटबॉल कधी पोहोचलं नव्हतं. त्यांचे प्रशिक्षक टॉम होव्हास खुद्द नव्वदच्या दशकात टोयोटाच्या संघाकडून खेळलेले. त्यांनाच नंतर पुरुषांच्या संघाची सूत्रं दिली गेली, आणि ओकिनावातला तो विजय त्यांच्या हाताखालचाच.

म्हणजे पदकाचा प्रश्न असेल तर कंपनीची पद्धतही चालते: लांब शिबिरं, घट्ट सराव, पगाराची निश्चिंती. बी-लीगने सोडवला तो प्रश्न वेगळा होता. शनिवारी संध्याकाळी तोचिगीच्या उत्सुनोमिया शहरातलं कुटुंब कुठे जाईल, हा. दोन्ही प्रश्न एकच आहेत असं समजून लीग काढणाऱ्यांनी हे उदाहरण नीट बघावं. आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी बास्केटबॉलची एखादी लीग निघते. युनायटेड बास्केटबॉल अलायन्समध्ये मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज असे संघही होते. २०१५ मध्ये सुरू होऊन २०१७ नंतर ती थांबली. खेळाडूंना त्यातून काही महिने मिळाले, गावाला मात्र संघ मिळाला नाही, कारण संघ गावात राहायलाच आला नव्हता.

पुढची अट

परदेशी खेळाडूंचे नियम बी-लीगने पुन्हापुन्हा बदलले आणि त्यावर बरंच लिहिता येईल. एवढंच सांगतो की २०२० मध्ये आशियाई कोटा, म्हणजे आशियातल्या खेळाडूंसाठी वेगळी जागा, आला आणि फिलिपिन्सचा थर्डी रवेना त्यातून आलेला पहिला खेळाडू ठरला. १९७५ मध्ये आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग काढलेल्या देशातून खेळाडू जपानकडे वळू लागले, हे पंधरा वर्षांपूर्वी कुणी मानलं नसतं. कोरोनाने २०१९-२० चा हंगाम विजेत्याविनाच संपवला. तरी संघ मोठ्या संख्येने बुडाले नाहीत, कारण सलग तीन वर्षं तोटा किंवा मालमत्तेपेक्षा देणी जास्त झाली तर परवाना नाही, हा नियम आधीपासून अंगवळणी पडलेला होता.

आता शिमादांनी सगळा डाव पुन्हा मांडला आहे. २०२६-२७ पासून वरचा गट ‘बी प्रीमियर’ होतोय, २६ संघांचा. प्रवेशासाठी सरासरी ४,००० प्रेक्षक, १२० कोटी येनची उलाढाल आणि खास खोल्या असलेलं, ५,००० आसनांचं क्रीडागृह. खेळाडूंच्या एकूण पगाराला ८० कोटी येनची कमाल मर्यादा आणि नव्या खेळाडूंसाठी ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडायचे. आणि सर्वांत वादाचा भाग: मैदानावरच्या निकालावर वर-खाली जाणं बंद. तळाला राहिलात तरी खाली जाणार नाही, खालचा गट जिंकलात तरी वर येणार नाही. परवाना मिळवा आणि या.

युक्तिवाद समजतो. खाली घसरण्याच्या भीतीने संघ परदेशी खेळाडूंवर पैसा उधळतात आणि क्रीडागृह बांधायला धजत नाहीत, कारण पुढच्या वर्षी आपण कुठल्या गटात असू हेच माहीत नसतं. नव्या व्यवस्थेची चाहूल लागताच ओता, सागा, नागासाकी, कोबे, नागोया अशा ठिकाणी नवी क्रीडागृहं उभी राहिली हे डोळ्यांसमोर आहे. तरीही मला हा बदल खटकतो. नागासाकी वेल्का २०२१ मध्ये तिसऱ्या गटात उतरला आणि लागोपाठ दोन हंगामांत दोन पायऱ्या चढून वरच्या गटात आला. हिरोशिमा ड्रॅगनफ्लाइजला २०१६ मध्ये दुसऱ्या गटात बसवलं होतं. त्यांनी २०२४ मध्ये र्‍युक्युला हरवून देशाचं विजेतेपद घेतलं. या शिड्या चढून आलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोरच शिडी काढली जाते आहे. पहिली अट गावाची परीक्षा होती. ही नवी अट बँकेची वाटते.

टोकियोत ओदाइबा परिसरात ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्वार्कचं नवं घर उघडलं, सुमारे दहा हजार आसनांचं. दहा वर्षांपूर्वी या संघाने नावातून कंपनी पुसून टाकली, तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला होता. आता सामन्याला निघालेला माणूस बूट न काढता आत जातो, आणि आत जाण्याआधी दारावरची पाटी वाचतो: टोयोटा अरीना टोकियो.